रिपोर्ट खोटा नव्हता गं, तो एका तुकड्याचा होता

म्हसरूळहून एका मुलीचं पत्र आलंय. एमएस्सी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नाव छापू नका म्हणालीय. घर मूळचं निफाड तालुक्यातलं, द्राक्षाची बाग. वडिलांना, आप्पांना, दोन वर्षांपूर्वी ५२ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, डाव्या बाजूला. ऑपरेशन झालं, केमो झाली, नंतर लिव्हरमध्ये डाग दिसले. तेव्हा गाठीच्या तुकड्यावर केरास जीनची टेस्ट केली, ती नॉर्मल आली म्हणून केमोसोबत सेटुक्सिमॅबचं इंजेक्शन सुरू झालं, केरास नॉर्मल असेल तरच ते लागू पडतं. आठ महिने चांगले गेले, आप्पा परत बागेत जायला लागले. आता सीईए, म्हणजे गाठ वाढली की बहुतेकदा रक्तात वाढणारा घटक, चढतोय, आणि मुंबईला केलेल्या रक्ताच्या टेस्टमध्ये केरास बदललेला आलाय. ती लिहिते, "काका म्हणतात पहिल्या लॅबने खोटा रिपोर्ट दिला, केस करू. मला जास्त त्रास याचा होतो की तो रिपोर्ट वाचून मीच घरात सगळ्यांना सांगितलं होतं, नॉर्मल आहे, आता औषध लागू पडेल. आमच्या गाइड मॅडमनी डिझर्टेशनला नेमका हाच विषय सुचवलाय, आतड्याच्या कॅन्सरच्या गाठीतली विविधता आणि औषधाला दाद न देणं. आई म्हणते घरात तेच, कॉलेजात पण तेच, डोकं फिरेल तुझं. घेऊ का हा विषय? आणि नाशिकात बसून सहा महिन्यांत यातलं काय होणार?"

अगं पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं मी. आधी रिपोर्टचं बोलते कारण बाकी सगळं त्याच्यावर अडकलंय, काकांचा राग पण आणि तुझी टोचणी पण.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, स्लाइड बघण्यात २६ वर्षं गेली, त्यातली बरीचशी इथे नाशिकातच. ऑपरेशन करून काढलेलं आतडं टेबलावर येतं तेव्हा गाठ डोळ्यांना एकच दिसते. मग तिचे चार-पाच ठिकाणचे तुकडे घेऊन स्लाइड केल्या की एका तुकड्यात पेशी बऱ्यापैकी शिस्तीत, गोल ग्रंथी करून बसलेल्या, दुसऱ्यात म्युकसची तळी आणि त्यात तरंगणारे पुंजके, आणि गाठीच्या कडेला, जिथे ती आतड्याच्या भिंतीत घुसत असते, तिथे दोन-दोन चार-चार पेशी घोळक्यातून सुटून एकट्या पुढे निघालेल्या. एकाच माणसाची, एकच गाठ. हे मी नुसत्या डोळ्यांनी बघितलेलं सांगतेय, जीन्सची टेस्ट अजून लांबच राहिली.

एक घन सेंटीमीटर गाठीत ढोबळमानाने १० कोटी ते १०० कोटी पेशी असतात. टेस्टला जातो तो तुकडा केवढा, आणि त्यात सुद्धा कॅन्सरच्या पेशींबरोबर साध्या पेशी, रक्तवाहिन्या, सूज असं सगळं मिसळलेलं. लाखात एखाद्या पेशीत केरास बिघडलेला असेल तर नेहमीची टेस्ट नॉर्मलच सांगणार, आणि ते तिने बरोबरच सांगितलेलं असणार. तुझ्या काकांना हे पेशींच्या भाषेत सांगू नकोस, बागेच्या भाषेत सांग. भुरीवर एकाच गटाचं बुरशीनाशक पाठोपाठ मारत राहिलं तर काय होतं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. पहिल्या फवारण्यांना बाग स्वच्छ दिसते, मग एक दिवस तेच औषध, तोच डोस, आणि भुरी हलत नाही. दुकानदाराने बनावट औषध दिलं असा संशय आधी येतो, तसंही कधी असतं, पण बरेचदा औषध खरंच असतं. त्या बुरशीत औषधाला न जुमानणारे थोडे आधीपासून होते, बाकीचे मेले, यांना जागा मोकळी मिळाली.

बॅक्टेरियाच्या बाबतीत हे लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्येच दाखवलं होतं, की मारा होण्याच्या आधीच टिकाव धरणारे तयार असतात. कॅन्सरची गाठ पण अशीच पिढ्यापिढ्यांनी बदलत, निवडली जात वाढते हे पीटर नॉवेल यांनी १९७६ मध्ये मांडलं. आणि तुझ्या आप्पांसारखीच गोष्ट २०१२ मध्ये छापून आलीय, नेचर या जर्नलच्या एकाच वर्षात दोन पेपर आले. त्यातल्या एकात, लुईस डियाझ यांच्या टीमच्या, २४ रुग्ण होते ज्यांच्या गाठीत केरास नॉर्मल होता, त्यांना सेटुक्सिमॅबच्याच जातीचं पॅनिटुमुमॅब दिलं, आणि त्यातल्या ९ जणांच्या रक्तात पुढे बिघडलेला केरास सापडला, साधारण पाच-सहा महिन्यांनी, आणि तिघांमध्ये तर एकापेक्षा जास्त प्रकारचे बिघाड. त्यांनी गणित मांडून दाखवलं की हे पेशींचे गट उपचार सुरू व्हायच्या आधीच तिथे असणार, नाहीतर एवढ्या वेळात एवढे वाढलेच नसते. दुसऱ्या पेपरात, सँड्रा मिसाले आणि आल्बेर्तो बार्देल्ली यांच्या, हा बदल स्कॅनवर गाठ वाढलेली दिसायच्या कित्येक महिने आधी रक्तात पकडता आला होता.

कारण समजून घे, सोपं आहे. सेटुक्सिमॅब पेशीच्या बाहेरचं ईजीएफआर नावाचं बटण दाबू देत नाही. केरास हा त्या बटणाच्या खालच्या वायरिंगमधला स्विच. तोच जर चालू अवस्थेत अडकून बसला तर वरचं बटण कितीही झाका, आतली मोटर चालूच. म्हणूनच तर इंजेक्शन देण्याआधी ही टेस्ट करतात, आतड्याच्या कॅन्सरच्या साधारण ४० टक्के रुग्णांत केरास सुरुवातीपासूनच बिघडलेला असतो आणि त्यांना हे औषध देऊन उपयोग नसतो. डॉक्टरांनी एका तुकड्याच्या टेस्टवर विश्वास ठेवला यात पण काही चूक नाही, मूळ गाठ आणि लिव्हरमधला डाग यांचा केरासचा निकाल बहुतेक वेळा जुळतोच.

तरी काकांचं समाधान होत नसेल तर भांडायच्या आधी एक साधी गोष्ट करा. ऑपरेशनच्या गाठीचा मेणात घातलेला ब्लॉक लॅबमध्ये ठेवलेला असतो, अर्ज करून तो मागता येतो, दुसऱ्या चांगल्या लॅबमध्ये त्याच ब्लॉकवर तीच टेस्ट परत करून घ्या. परत नॉर्मल आली तर विषय संपला. खरंच वेगळी आली तर मग काकांच्या बोलण्याला आधार आहे, तेव्हा बघता येईल. पण आजच्या रक्ताच्या टेस्टवरून दीड-दोन वर्षांपूर्वीच्या तुकड्याचा रिपोर्ट खोटा ठरत नाही, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात, आणि तुझ्या घरात तसंच झालेलं दिसतंय.

आणि तू जे घरात वाचून दाखवलंस ते त्या दिवशी खरं होतं गं. औषध लागू पडेल म्हणालीस, आठ महिने लागू पडलंच की. आप्पा एक अख्खा हंगाम बागेत उभे राहिले, तो कुणी उसना दिला नव्हता, त्या इंजेक्शननेच दिला. हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून मी सांगतेय.

आता मी इथून उपचार सांगणार नाही, आप्पांना तपासणारे डॉक्टर आहेत ते सांगतील. पण पुढच्या वेळी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाल तेव्हा काही प्रश्न कागदावर लिहून न्या, तिथे गेल्यावर गर्दीत सगळं विसरायला होतं. एमएमआर किंवा एमएसआय टेस्ट, म्हणजे गाठीच्या पेशींतली डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी एक यंत्रणा बिघडलीय का हे बघणारी, झालीय का हे विचारा, कारण लिव्हर वगैरेपर्यंत पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये फक्त चार-पाच टक्के रुग्णांत ती पॉझिटिव्ह निघते पण ज्यांच्यात निघते त्यांना इम्युनोथेरपी चांगली लागू पडते, एवढ्यासाठी तपासायचं राहून जाऊ नये. बीरॅफ आणि हर२ हे आणखी दोन जीन बघितलेत का विचारा. आणि हे पण विचारा की सेटुक्सिमॅब बंद केल्यावर काही महिन्यांनी रक्ताची टेस्ट परत करून ते पुन्हा देण्याचा विचार होऊ शकतो का. याच्या मागे चांगलं कारण आहे, औषध थांबलं की केरास बिघडलेल्या पेशींना जो फायदा मिळत होता तो संपतो, बाकीच्या पेशी परत पुढे येतात, आणि रक्तातलं बिघडलेल्या केरासचं प्रमाण साधारण चारेक महिन्यांत निम्मं होतं असं दिसलंय. २०२२ मध्ये इटलीतली क्रोनोस नावाची ट्रायल आली, त्यात रक्ताची टेस्ट साफ असलेल्या २७ जणांना याच प्रकारचं औषध परत दिलं आणि ८ जणांच्या गाठी बऱ्यापैकी लहान झाल्या. २७ मधले ८, हा आकडा जसा आहे तसाच घरात सांग, वाढवून नको आणि आईला बरं वाटावं म्हणून गोडी लावून पण नको.

तुझं स्वतःचं पण एक. वडिलांना हा आजार झालाय म्हणजे तू आणि भावंडांनी ४० व्या वर्षी किंवा वडिलांच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा, कोलोनोस्कोपी सुरू करायची असते. तुमच्या बाबतीत ते ४०. एमएमआर बिघडलेला निघाला आणि तो बिघाड घराण्यातून आलेला असेल तर हे खूपच लहान वयात सुरू करावं लागतं, तेव्हा तो रिपोर्ट तुमच्यासाठी पण महत्त्वाचा आहे.

विषयाचं म्हणशील तर माझं मत, घे. आईची काळजी खोटी नाहीये, पण तू विषय बदलून मक्यावर किंवा यीस्टवर काम केलंस तरी रात्री मोबाइलवर केरासच शोधत बसणार आहेस, पत्रावरूनच कळतंय. मग ते गाइडच्या हाताखाली, नीट वाचून, नोंदी ठेवून केलेलं बरं. फक्त एक अट माझी. आप्पांची फाइल, आप्पांचं रक्त, आप्पांचा ब्लॉक यातलं काही तुझ्या डिझर्टेशनमध्ये येता कामा नये. एथिक्स कमिटीचा प्रश्न तर आहेच, पण त्याहून मोठं म्हणजे घरात एकजण तरी आप्पांकडे आप्पा म्हणून बघणारं पाहिजे, आणि ती तू आहेस. जमलं तर फाइल सांभाळायचं काम सुद्धा भावाकडे किंवा काकांकडे दे, काकांचा राग पण कामाला लागेल.

आता सहा महिन्यांत काय होणार. विषयाचं नाव आहे तेवढं सगळं तर साठ वर्षांत पण होणार नाही, त्यामुळे त्यातला एक अगदी छोटा, हो-नाही उत्तर येईल असा प्रश्न उचल. मला विचारशील तर मी हा घेईन, औषधातून वाचलेल्या पेशींचं वाचणं हे कायमचं असतं का तात्पुरतं?

कारण बागेचं उदाहरण इथे अपुरं पडतं आणि तुझ्या विषयातली खरी गंमत इथेच सुरू होते. सगळ्याच वाचलेल्या पेशी केरास बिघडल्यामुळे वाचत नाहीत. २०१३ मध्ये कॅनडातल्या जॉन डिक यांच्या लॅबने दाखवलं की आतड्याच्या कॅन्सरमधल्या जीन्सने एकसारख्या असणाऱ्या पेशी सुद्धा वागायला वेगळ्या असतात, काही सुस्त पडून राहतात, आणि ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध दिल्यावर आधी शांत बसलेल्यातल्याच काही पुढे येऊन गाठ परत वाढवतात. तुला लव्हाळा माहितीये ना, वरून कितीही तणनाशक मारलं, पात जळली, तरी जमिनीतल्या गाठी पडून असतात आणि पाऊस झाला की परत कोंब. त्या कोंबाचं आणि जळलेल्या पातीचं बीज एकच, फरक फक्त कोण तेव्हा जागं होतं आणि कोण झोपलेलं. अशा पेशींची मुलं-नातवंडं परत औषधाला बळी पडू शकतात. पण त्या झोपेच्या काळात आणखी एक होतं, ते २०१९ मध्ये बार्देल्ली यांच्याच गटाने दाखवलं, औषधाच्या ताणाखाली या पेशी डीएनए दुरुस्त करण्याची स्वतःची यंत्रणा मंद करतात, त्यामुळे चुका वाढतात, आणि त्या चुकांमधून कधीतरी कायमचा टिकाव देणारा बिघाड हाती लागतो. आधीपासून असलेला आणि नंतर घडलेला असे दोन्ही रस्ते एकाच गाठीत चालू असतात. आप्पांच्यात कुठला होता हे कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही, आणि ते तू शोधायचं पण नाहीयेस.

तर कॉलेजात किंवा ओळखीच्या लॅबमध्ये टिश्यू कल्चरची सोय असेल तर एसडब्ल्यू ४८० आणि एसडब्ल्यू ६२० या सेल लाइन्स, म्हणजे लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या कॅन्सरच्या पेशी, बघ. दोन्ही एकाच माणसाच्या आहेत, पहिली आतड्यातल्या मूळ गाठीतून काढलेली, दुसरी नंतर लिम्फ नोडमध्ये पसरलेल्यातून. एकाच घरातले दोघे भाऊ समज. दोघांना ५-एफयू दे, तेच औषध जे आप्पांच्या केमोच्या पंपात ४६ तास चालतं, वाचलेल्या पेशी धुऊन औषधाशिवाय काही आठवडे वाढव, मग परत तोच डोस दे. परत मेल्या तर वाचणं तात्पुरतं होतं, आता जास्त टिकल्या तर काहीतरी कायमचं बदललंय. तीन वेळा केल्याशिवाय एकही निकाल लिहू नकोस आणि दर वेळी औषध न दिलेली थाळी बाजूला ठेव, हे दोन्ही विसरलेली डिझर्टेशनं मी खूप तपासलीत. आणि एसडब्ल्यू लाइन्समध्ये केरास आधीपासूनच बिघडलेला आहे, त्यामुळे त्यांच्यावर सेटुक्सिमॅबचा प्रश्न विचारायला जाऊ नकोस, उत्तर आधीच ठरलेलं आहे.

कल्चर नसेल तर लॅपटॉपवर पण होतं. टीसीजीए या अमेरिकेतल्या कॅन्सर जीन्सच्या प्रकल्पाने २०१२ मध्ये आतडं आणि गुदाशयाच्या २७६ गाठींचा डेटा दिलाय, सगळ्यांना खुला आहे. कोरिया आणि बेल्जियममधल्या रुग्णांचा एकेक पेशी वेगळी वाचलेला सिंगल सेल डेटा २०२० मध्ये आलाय. आर ही आकडेवारीची प्रोग्रामिंग भाषा शिकून घे, दोन महिने त्यातच जातील, जाऊदेत. या दोन डेटातला फरक मात्र सुरुवातीलाच डोक्यात पक्का कर. टीसीजीएसारखा अख्खी गाठ वाटून काढलेला डेटा म्हणजे मिसळ मिक्सरमधून काढून चव घेण्यासारखं आहे, तिखट लागलं हे कळतं पण ते तर्रीचं का फरसाणचं ते नाही कळत. २०१५ मध्ये आतड्याच्या कॅन्सरचे चार गट पाडले, सीएमएस १ ते ४, त्यातला चौथा सगळ्यात वाईट निकालाचा, आणि त्याच वर्षी दोन टीम्सनी दाखवून दिलं की अशा वाईट निकालाच्या गटाची ओळख पटवणाऱ्या जीन्सपैकी खूपशा कॅन्सरच्या पेशीतून येतच नाहीत, भोवतालच्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे आधार देणाऱ्या साध्या पेशींतून येतात. असं तुझ्या बाबतीत पण होईल, एखादा सुंदर ग्राफ येईल आणि तो कॅन्सरचा नसेलच, म्हणून कुठलाही निकाल दिसला की आधी विचार, ही कुठल्या पेशीची हाक आहे.

एक काम मात्र दोन्हीकडे सारखंच लागेल, स्लाइड बघणं. बायोटेकच्या मुलांनी गाठ कधी बघितलेलीच नसते, नुसते आकडे आणि ग्राफ, आणि मग विविधता हा शब्द पुस्तकातलाच राहतो. एखाद्या पॅथॉलॉजिस्टकडे चार शनिवार जाऊन बस, आपलं आरोग्य विद्यापीठ तर तुझ्या म्हसरूळलाच आहे, तिथून ओळख काढता येईल, नाहीतर पत्राखाली फोन नंबर दिला होतास त्यावर मी कळवते, माझ्याकडे ये. दोन डोक्यांचा मायक्रोस्कोप आहे, एका बाजूने मी बघीन, एका बाजूने तू. नावं झाकलेल्या जुन्या शिकवायच्या स्लाइड्स आहेत, आप्पांची त्यात नाही, ते मी बघून घेतलंय.

आईला सांग की विषय घेतेय पण रविवारी लॅपटॉप उघडणार नाही. आणि ते खरंच पाळ, रविवारी निफाडला जा. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत कामं असतातच, आप्पांना उन्हात जाववत नसेल तर बांधावर खुर्ची टाक, ते सांगतील तशी तू कर. केमोच्या दिवसांत त्यांना फवारणीच्या जवळ जाऊ देऊ नकोस एवढं बघ, बाकी बागेत असू देत त्यांना.

मुंबईला जाण्याआधी फाइल तारखेप्रमाणे लावून ठेवा, सगळ्यात वर पहिला बायोप्सी रिपोर्ट, मग ऑपरेशनचा, मग पहिली केरास टेस्ट, सगळ्यात खाली आत्ताची रक्ताची. प्रत्येकावर नमुना कधीचा आणि कशाचा ते पेन्सिलने लिहा, गाठ, लिव्हर का रक्त. डॉक्टरांना हवं ते एका नजरेत दिसेल, आणि लावता लावता काकांना पण दिसेल की दोन केरासच्या मधे किती महिने आहेत.